दहा मिनिटांची सायकल

सायकलच्या दुकानात भंगारवाल्याचा तराजू कशाला, म्हणून मी थांबले. कन्नड गावातून चाळीसगावकडे निघणाऱ्या जुन्या रस्त्यालगत ही पत्र्याची टपरी आहे. दारात मिस्त्री आणि चाळिशीतले एक गृहस्थ, दोघंही काट्यावर वाकलेले. पारड्यात सायकलचा स्टँड, कॅरिअर, दोन मडगार्ड, चेनकव्हर, घंटी आणि कुलपाची साखळी. "दोन किलो शंभर," मिस्त्री म्हणाले. गृहस्थांनी आकडा मोबाइलमध्ये टिपून घेतला आणि विचारलं, "याची किती मिनिटं होतील, चाचा?"

या तालुक्यात अद्रकीचं वजन होतं, मक्याचं होतं, कापसाचं होतं, आणि वजनाचे रुपये होतात. वजनाची मिनिटं मागणारं गिऱ्हाईक मला नवीन होतं. मी स्टुलावर बसले आणि मग त्या टपरीवर जातच राहिले.

गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात. गावात सगळे त्यांना सर म्हणतात, मीही तेच म्हणेन. डिसेंबरातल्या एका ट्रायथलॉनला त्यांनी नाव दिलं होतं. ७५० मीटर पोहायचं, लगेच २० किलोमीटर सायकल, लगेच ५ किलोमीटर धावायचं. याला ‘स्प्रिंट’ म्हणतात. ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २००० साली सिडनीत हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हापासून, वैयक्तिक शर्यतीला बरोबर याची दुप्पट अंतरं असतात : १५०० मीटर, ४० किलोमीटर, १० किलोमीटर. आयर्नमॅन त्याच्याही पुढचं. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. मिलिंद सोमणने २०१५मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचची आयर्नमॅन सव्वापंधरा तासांत पुरी केली आणि मराठी घरांत हा शब्द शिरला. २०१९ला गोव्यात अर्ध्या अंतराची आयर्नमॅन सुरू झाली, तेव्हा डॉक्टर, पोलिस अधिकारी, उद्योजक असे ओळखीचे लोक मिरामारच्या किनाऱ्यावरचे फोटो टाकू लागले. सरांचं खूळ तिथलंच. त्या फोटोंतल्या सायकली मात्र सरांच्या सायकलीसारख्या नव्हत्या.

सरांची सायकल हायब्रिड आहे. चाकं शर्यतीच्या सायकलीएवढी मोठी, हँडल सरळ आडवं, टायर जाडसर, मागे-पुढे मिळून एकवीस गिअर. शाळेत जायला म्हणून घेतलेली. कॅरिअरवर वह्यांचे गठ्ठे, कधी तांदळाची पिशवी, कधी मुलगी. संभाजीनगरच्या एका मोठ्या दुकानात ते नुसती चौकशी करायला गेले, तर विक्रेत्याने त्यांच्याकडे आणि सायकलीकडे बघून सांगितलं, "हिच्यावर करू शकाल, पण दहा मिनिटं जातील." आणि साठ-सत्तर हजारांची, खाली वळलेल्या हँडलची रोड बाइक दाखवली.

दहा मिनिटं. हा आकडा सरांच्या डोक्यात जो बसला तो बसलाच. टपरीवर चहा येवो, पंक्चरवाला येवो, पाऊस येवो, बोलणं फिरून तिथेच. मिस्त्रींना पहिल्यांदा ते कळलं तेव्हा ते हसले होते म्हणे. "दहा मिनिटं? सर, आपण इथं एष्टीची दोन-दोन तास वाट बघतो."

मिस्त्रींचं वय साठीच्या पुढे. उकिडवं बसून बसून गुडघे कामातून गेलेत, म्हणून आता लाकडी पाटावर बसतात. दुधवाल्यांच्या काळ्या सायकली, मुलींना शाळेतून मिळालेल्या सायकली, पोरांच्या जाड टायरच्या शॉकॲब्सॉर्बरवाल्या सायकली, यांच्यावर त्यांचं घर चाललं. आता मोटरसायकलचे पंक्चर जास्त. टपरीत शिरलं की एक वास येतो : रबराचं सोल्युशन आणि डिझेलमध्ये भिजलेल्या चिंध्या. बाहेरून ओल्या मातीतल्या अद्रकीचा टेम्पो गेला की त्या वासात तो तिखट वास मिसळतो. घरी ओढणी दोनदा धुतली तरी तो जाईना, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायला लागला होता.

काटा-तराजू हा सरांचा हट्ट होता. मिस्त्रींच्या लेखी पहिलं काम सीटचं. सरांची सीट इतकी खाली होती की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकायचे. रस्त्यात शेळ्या, रिक्षा, गतिरोधक. पाय टेकले की माणसाला बरं वाटतं. पण तेवढ्या बरं वाटण्यापायी प्रत्येक फेऱ्याला गुडघा अर्धाच उघडतो आणि मांडी भरून येते. मिस्त्रींनी सरांना भिंतीला धरून सायकलवर बसवलं, टाच पायडलवर ठेवायला लावली, पायडल अगदी खाली नेलं. टाच टेकलेली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा बाक राहतो. सीट चार बोटं वर गेली. सरांनी गल्लीत एक चक्कर मारली आणि परत येताना थांबता थांबता जवळजवळ पडले. पण चेहरा बघण्यासारखा होता. चार वर्षं ते आपल्याच सायकलवर अर्ध्या पायाने बसले होते. या कामाचे पैसे मिस्त्रींनी घेतले नाहीत. एक बोल्ट सैल करून आवळायचे काय पैसे घ्यायचे.

दुसरं काम टायरचं, आणि ते मात्र नीट बघण्यासारखं. सरांच्या टायरवर ७०० × ३८ लिहिलं होतं. अडतीस म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. वर रबराच्या गाठी. कच्च्या रस्त्याला बऱ्या, पण डांबरावर त्या गाठी दर फेऱ्याला दबतात, उठतात, आणि त्या दबण्या-उठण्यात पायाचा जोर जिरतो. गुळगुळीत आणि जरा अरुंद टायर हवा. सरांनी स्वतःच बाजारातून ‘अठ्ठावीसचा’ टायर आणला होता. कारण मोठ्या चाकाला गावात अठ्ठावीसच म्हणतात. मिस्त्रींनी एकही शब्द न बोलता तो रिंगवर ठेवला. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसा तो सगळीकडून लोंबत राहिला.

मग त्यांनी खिशातून शिंप्याची टेप काढली. आपल्या दुधवाल्यांच्या, पोस्टमनच्या काळ्या सायकलीची रिंग, टायर जिथे बसतो तिथे, ६३५ मिलिमीटर व्यासाची. हायब्रिडची ६२२. दोन्ही ‘अठ्ठावीस’, फरक तेरा मिलिमीटरचा. मिस्त्रींना मिलिमीटर पाठ नव्हते, त्यांनी बोटाने रिंगच्या कडेवर दाखवलं, "इथं बसायचा तो इथं बसतो." पण गंमत पुढे आहे. हा ६२२ आकडा फक्त हायब्रिडचा नाही. त्या साठ-सत्तर हजारांच्या रोड बाइकच्या रिंगचाही तोच. लाखोंच्या सायकलींवरून फ्रान्सची शर्यत मारणाऱ्यांच्या चाकाचाही तोच. म्हणजे सरांच्या चाकाला, रिंगच्या रुंदीला झेपतील तोवर, शर्यतीच्या जातीचे टायर बसतात. दुकानातल्या माणसाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

टायर संभाजीनगरहून आले, ७०० × ३२, जवळजवळ सपाट. सरांना अठ्ठावीस मिलिमीटरचे हवे होते, आणखी अरुंद म्हणून. मिस्त्री ऐकेनात. खड्ड्यात अरुंद टायर रिंगवर आपटला की ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात, आणि शर्यतीत पंक्चर काढायला चाचा येणार नाहीत. हवेचंही तसंच. सरांच्या मते जितकी जास्त हवा तितकी पळेल. मिस्त्रींनी गेजच्या पंपाने सत्तरवर थांबवलं, अंगठ्याने दाबून बघितलं, आणि नव्वद भरून एकदा, सत्तर भरून एकदा, अशा दोन चकरा मारायला लावल्या. नव्वदला सायकल खडीवर टणटण उडत होती. उडणारं चाक पुढे ढकलत नाही, माणसाला वर-खाली करतं. हे आता मोजूनही सिद्ध झालं आहे. खडबडीत रस्त्यावर ठरावीक मर्यादेपलीकडे हवा भरली की वेग उलट घटतो. मिस्त्रींना ते बुडाखालून कळलेलं होतं.

बाकी नेहमीचं. चेन डिझेलमध्ये धुतली, मागच्या चाकाचा आऊट काढला, छर्रे नवे टाकले, ब्रेकचे रबर बदलले. सगळा खर्च अडीच हजारांच्या आत.

"आता किती राहिली?" सरांनी विचारलं. म्हणजे दहातली.

खरं उत्तर हवेत आहे. सपाट रस्त्यावर माणूस ताशी पंचवीसच्या पुढे गेला की त्याची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वीसचा वेग तीस केला की विरोध सव्वादोन पट. हवेला अडवणारी वस्तू म्हणजे मुख्यतः माणूस. सायकल त्यात थोडीशी. हायब्रिडवर माणूस ताठ बसतो, छाती वाऱ्याला देतो. रोड बाइकचं खाली वळलेलं हँडल त्याला वाकवतं. मिनिटं जातात ती इथे, स्टँड आणि घंटीत नाही. दोन किलो शंभर ग्रॅम घाटात जाणवतील, सपाटीवर जवळजवळ नाहीत. हे सांगितल्यावर सरांचा चेहरा पडला; वजनाची नोंद त्यांनी फार मन लावून केली होती.

या वाकण्यावरून एक मोठी शर्यत फिरलेली आहे. १९८९च्या तूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. उरलं होतं साडेचोवीस किलोमीटर अंतर. त्याने हँडलवर कोपरं टेकवून हात पुढे जोडता येतील अशी दांडी लावली होती. ती दांडी आली होती ट्रायथलॉनवाल्यांकडून, तेव्हा बड्या सायकलपटूंनी नाक मुरडलेल्या खेळातून. लेमाँड ती तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकला. सरांना हा किस्सा माहीत होता. त्यांनी तशी दांडी मागवायचीही ठरवली होती. मिस्त्रींनी विचारलं, कोपरं इथं टेकली तर ब्रेक कोण मारणार? सर गप्प बसले. मला हा प्रश्न त्या दांडीवर लिहिलेल्या सगळ्या लेखांपेक्षा शहाणा वाटला. जिथे म्हैस कुठल्याही शेतातून रस्त्यावर येते तिथे हात ब्रेकवर हवेत. मिस्त्रींनी त्याऐवजी हँडलच्या दांड्यावरच्या रिंगा काढून हँडल तीन सेंटिमीटर खाली घेतलं आणि सरांना कोपरात वाकून चालवायची सवय लावायला सांगितलं. फुकट.

गिअरची भीतीही अशीच दुकानातली. हायब्रिड पळायला कमी पडते म्हणतात. सरांच्या सायकलीला पुढे सर्वांत मोठी चकती ४८ दातांची, मागे सर्वांत छोटी १४ची. पायडलचे मिनिटाला नव्वद फेरे मारले तर या जोडीवर ताशी जवळजवळ ४० किलोमीटरचा वेग निघतो. पहिल्या ट्रायथलॉनला ताशी ४०ने वीस किलोमीटर मारणारा शिक्षक मला भेटायचा आहे.

हे गणित सरांनीच फळ्यावर मांडावं तसं वहीच्या पाठपानावर केलं, औट्रम घाटाच्या माथ्यावर. आठवड्यातून दोन पहाटे ते घाट उतरून खानदेशात जात आणि चढून परत येत; मी स्कूटरवर मागे. २०२१च्या ऑगस्टअखेरीस या घाटात दरडी कोसळून गाड्या अडकल्या, रस्ता बंद झाला. पुढे २०२३च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना इथे बंदी आली. रात्र-रात्र चालणारी ट्रकची कोंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पहाटेचा हा घाट ओळखू येत नाही. माकडं, गौताळ्याच्या झाडीतला ओला गारवा, वळणावर सरांच्या चेनचा आवाज. चढताना ते सगळ्यात सोप्या गिअरवर असत आणि तरी बसूनच चढत. शर्यतीची सायकल इथे लवकर पोचली असती, तीन किलोने हलकी म्हणून. पण ती अशा चढाला इतका सोपा गिअर बहुधा देत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एक झगमगीत रोड बाइकवाला तिसऱ्या वळणावर उतरून चालू लागला.

खाली पाटणादेवी. तिथल्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. गणिताच्या शिक्षकाला ही जागा पवित्र. तिच्या माथ्यावर बसून सरांनी दहा मिनिटांचा हिशेब केला. ४० किलोमीटरला ताशी २४ने शंभर मिनिटं. नव्वद मिनिटांत जायचं तर ताशी पावणेसत्तावीसच्या किंचित खाली. म्हणजे दहा मिनिटं हा ताशी अडीच-पावणेतीन किलोमीटरचा फरक, आणि दुकानदाराचा अंदाज चुकीचा म्हणता येत नाही. "पण सर," मी म्हटलं, "तुमची शर्यत वीस किलोमीटरची आहे ना?"

त्यांनी वहीकडे बघितलं. पाच मिनिटं. तीसुद्धा सीट, टायर आणि हँडलच्या आधीची. गणिताच्या माणसाने महिनाभर भागिले दोन केलं नव्हतं. आणि एवढं होऊनही दुसऱ्या दिवशी टपरीवर ते "ती दहा मिनिटं" असंच म्हणाले.

मला या आकड्याचा राग येऊ लागला होता. या खेळाचा जन्म काही सत्तर हजारांच्या सायकलीवर झालेला नाही. १९७४च्या सप्टेंबरात सॅन दिएगोच्या मिशन बे इथे आधुनिक ट्रायथलॉन म्हणतात ती पहिली शर्यत झाली, तिला ४६ जण होते. धावणाऱ्यांच्या क्लबने गंमत म्हणून ठेवलेली. १९७८ला हवाईतल्या पहिल्या आयर्नमॅनला १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली. तेव्हा ट्रायथलॉनची सायकल असा प्रकारच नव्हता, ज्याच्याकडे जी होती ती. आज आयोजकांच्या नियमातही हौशी गटांना, जिथे एकमेकांच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला चालवायला बंदी असते, सरळ हँडल चालतं. बंदी आहे ती ऑलिम्पिकसारख्या घोळक्याने चालवायच्या शर्यतींना. मग तालुक्याच्या माणसाला दारातच दहा मिनिटांची भीती कशाला घालायची?

आणि भीती घालायचीच, तर पाण्याची घाला.

सरांना पोहता येतं, याबद्दल गावात कुणालाही शंका नव्हती. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकले. सूर मारतात, मुटका मारतात, तळाची माती आणून दाखवतात. पण विहीर म्हणजे पंधरा-वीस हात. चार हात मारले की पायरी, नाहीतर मोटारीचा पाइप. धरायला नेहमी काहीतरी असतं. साडेसातशे मीटर सलग, डोकं पाण्यात घालून, श्वास बाजूला घेत, असं विहिरीत कुणी शिकवत नाही. डोकं वर ठेवलं की कंबर खाली जाते, आणि माणूस पुढे जाण्याऐवजी पाण्याशी कुस्ती खेळतो. कन्नडमध्ये सरावाला योग्य तलाव नाही. अंबाडीचं धरण गावाला लागून, पण तिथे एकट्याने उतरायचं नाही हे सरांच्या पत्नीने बजावलेलं होतं, आणि योग्यच होतं. म्हणून शनिवारी शाळा सुटली की एष्टीने साठेक किलोमीटरवर संभाजीनगर, तिथल्या तरणतलावात तासभर, रात्री परत.

एका शनिवारी मी काठावर बसले होते. सरांनी पहिली लांबी झकास मारली. दुसऱ्या लांबीच्या मध्यावर थांबले आणि हात बाजूला गेला. दोर शोधत होता, किंवा पाइप. तिथे फक्त पाणी होतं. त्यांनी नाकातोंडातलं पाणी झटकलं, इकडे-तिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना, आणि बेडकासारखे हात मारत काठाला आले. शेजारच्या रांगेत सातवीतली एक मुलगी न थांबता दहाव्या लांबीला होती. सायकलची सीट चार बोटं वर करण्याइतकं हे सोपं नव्हतं. तरी त्या आठवड्यात टपरीवर सरांनी विचारलं ते, पायडल बदलले तर किती वाचेल.

पायडलबाबत मिस्त्री आणि मी एका बाजूला होतो. शर्यतीवाले बुटाला खिट्टी लावून तो पायडलमध्ये अडकवतात. त्याचा फायदा आहे, पण सायकलवरून उतरल्यावर बूट बदलावे लागतात आणि वेळेवर पाय सुटला नाही तर माणूस सायकलसकट आडवा. साध्या पायडलवर धावण्याच्या बुटातच सायकल आणि त्याच बुटात पळणं.

शर्यतीच्या नियमांचा कागद सरांनी छापून आणला होता. मिस्त्रींना तो वाचून दाखवला. हेल्मेटचा पट्टा आधी लावायचा, मगच सायकलला हात; उलट केलं तर दंड. यावर ते काही बोलले नाहीत. पण हँडलची दोन्ही टोकं बंद असली पाहिजेत, उघडी नळी चालणार नाही, हे ऐकल्यावर त्यांनी कागद हातात घेतला आणि, वाचता येत नसताना, त्या ओळीवर बोट ठेवायला सांगितलं. सरांच्या हँडलची उजवी मूठ टोकाला फाटून नळी उघडी पडली होती. मिस्त्री म्हणाले, त्यांच्या मोहल्ल्यातला एक पोरगा पडला तेव्हा अशीच उघडी नळी त्याच्या पोटात घुसली होती. पोरगा वाचला. तेव्हापासून ते येईल त्या सायकलीला, मागितलं नसलं तरी, बूच बसवतात. जुन्या रबराचा तुकडा कानशीने घासून गोल केला, सोल्युशन लावलं, नळीत ठोकला, कड ब्लेडने कापली, अंगठा फिरवून धार बघितली, पुन्हा घासला. एवढ्याशा कामाला त्यांनी टायरपेक्षा जास्त वेळ घेतला. या माणसाने आयुष्यात ट्रायथलॉन पाहिलेली नाही, आणि नियमपुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम त्याला आधीपासून माहीत होतं.

शर्यतीला मी गेले नाही. दुसऱ्या जिल्ह्यात होती. सोमवारी सरांनी आकडे दाखवले. पोहणं २९ मिनिटं १० सेकंद. ओलं अंग पुसून, मोजे चढवून, हेल्मेट लावून सायकलवर बसेपर्यंत ५ मिनिटं ४० सेकंद. सायकल ४७ मिनिटं ३० सेकंद, म्हणजे ताशी पंचवीसच्या थोडं वर. उतरून पळायला लागेपर्यंत १ मिनिट ५ सेकंद, कारण बूट तेच. धावणं ३२ मिनिटं ५०. एकूण दोन तासांना पावणेचार मिनिटं कमी.

सायकलवर त्यांनी अकरा जणांना मागे टाकलं, त्यातल्या तिघांच्या सायकली "त्या दुकानातल्या". हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पाण्यात मध्यावर ते मदतीच्या बोटीची कड धरून थांबले होते. थोडा वेळ धरून थांबायला तिथे परवानगी असते, पुढे ओढून घ्यायला नाही. हे त्यांनी एकदाच, आणि जरा हळू, सांगितलं. त्यांच्याच वयाचे बरे पोहणारे सोळा-सतरा मिनिटांत बाहेर आले होते. बारा-तेरा मिनिटं पाण्यात, आणखी तीन-चार मोजे चढवण्यात.

"पुढच्या वर्षी रोड बाइकच घेतो," सर म्हणाले. "दहा मिनिटं वाचतील."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं नुकसान नाही, रोड बाइकचीही चेन धुवावीच लागेल. ते काही बोलले नाहीत. मीही नाही. ज्याचा छंद त्याचा खर्च.

मधल्या काळात सरांचं नाव एका स्थानिक पेपरात छापून आलं. परवा टपरीवर पोलिस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आली होती, भावाची जाड टायरची सायकल घेऊन. सरांसारखे बारीक टायर बसवून द्या म्हणाली. मिस्त्रींनी रिंगवर हात ठेवला. ही सव्वीसची रिंग, हिला ते टायर बसत नाहीत. पण सव्वीसमध्येही गुळगुळीत मिळतात, मागवता येतील, सीट मात्र आत्ताच वर करून देतो. तिने खर्च विचारला. त्यांनी सांगितला. मग पाना हातात घेण्याआधी विचारलं, "बेटा, पोहायला येतं का?"

"विहिरीत येतं," ती म्हणाली.

"किती लांब?"

तिला ते सांगता आलं नाही. मिस्त्रींनी तिला शनिवारी सरांबरोबर एष्टीने जायला सांगितलं, टायर त्यानंतर मागवू म्हणाले, आणि सीटचा बोल्ट सैल करायला घेतला.